किल्ली गाडीत नाही

नवी गाडी दारात आली त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना आनंद झाला. फक्त मालकाला घाम फुटला.

मालक विमा कंपनीत तपासनीस होता. चोरीला गेलेल्या गाड्यांचे दावे त्याच्या टेबलावर येत. बावीस वर्षं हेच काम केल्यामुळे गाड्या कशा चोरतात हे त्याला चोरांपेक्षाही जास्त ठाऊक होतं. चोराला बिचाऱ्याला एखादीच पद्धत येत असते. तपासनिसाला सगळ्यांच्या फायली वाचाव्या लागतात.

गाडी बिनकिल्लीची होती. म्हणजे किल्ली होती, पण ती कशात घालून फिरवायची नव्हती. खिशात ठेवून गाडीजवळ गेलं की दार उघडायचं आणि आत बसून बटण दाबलं की इंजिन सुरू व्हायचं. "किल्ली खिशातून काढायचीसुद्धा गरज नाही, साहेब," असं विक्रेत्याने कौतुकाने सांगितलं तेव्हा तपासनीस हसला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर गेल्या वर्षीच्या सात फायली ओळीने उभ्या राहिल्या.

"त्यांची पद्धत अशी असते," त्याच संध्याकाळी त्याने बायकोला समजावलं. "किल्ली घरात कुठेही ठेव, ती आपली सारखी हळू आवाजात बोलत असते. एक चोर पिशवीत यंत्र घेऊन आपल्या दाराशी उभा राहतो आणि ते बोलणं पकडतो. दुसरा गाडीजवळ उभा असतो, त्याच्या यंत्रातून ते गाडीला ऐकवतो. गाडीला वाटतं, मालक आला. ती दार उघडते. दीड मिनिटात गाडी नाहीशी."

"म्हणजे गाडी भोळी आहे," बायको म्हणाली.

"भोळी नाही, बावळट आहे."

"मग घेतली कशाला?"

तो उपायांकडे वळला. किल्लीचं बोलणं बंद करायचं तर ती धातूच्या डब्यात ठेवायला हवी, हे त्याला माहीत होतं. कोणत्या डब्यात, हे मात्र करून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. त्याने किल्ली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातली, डबा छातीशी धरला आणि गाडीजवळ जाऊन उभा राहिला. दार उघडलं. मग साखरेचा डबा झाला, पिठाचा डबा झाला, चांदीच्या कागदाच्या दोन घड्या झाल्या. दार प्रत्येक वेळी उघडलं. शेवटी तो कुकर घेऊन खाली उतरला. झाकण घट्ट बसवलं, शिट्टी लावली आणि कुकर कडेवर घेऊन गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. दार उघडलं नाही. इतका आनंद त्याला गाडी घेतानाही झाला नव्हता.

"मग मी शिजवू कशात?" बायकोने विचारलं.

"पातेलं आहे की."

बायको ग्रंथालयात काम करायची. वस्तू जिथली तिथे ठेवणं हा तिचा नुसता स्वभाव नव्हता, तो तिचा धर्म होता. तिने कुकरवर चिठ्ठी चिकटवली, 'किल्ली : एक', आणि विषय संपवला. दुसऱ्या, रोजच्या वापरातल्या किल्लीसाठी तपासनिसाने आतून धातूची जाळी असलेली खास पिशवी मागवली. नियम असा, की किल्ली वापरून झाली की लगेच पिशवीत. पिशवी बायकोच्या पर्समध्ये, कारण त्याला स्वतःच्या खिशांचा भरवसा नव्हता.

एवढ्यावर तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याने स्टिअरिंगला अडकवायचा एक पिवळाधमक दांडा आणला. मग गाड्यांच्या वायरिंगवाल्याकडून एक चोरबटण बसवून घेतलं. ते दाबल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. रात्री त्याच्या लक्षात आलं, की बटण कुठे आहे हे आता वायरिंगवाल्यालाही माहीत आहे. म्हणून पुढच्या आठवड्यात त्याने दुसऱ्या वायरिंगवाल्याकडून दुसरीकडे दुसरं बटण बसवून घेतलं. आता दोघांनाही अर्धंच माहीत होतं. तपासनिसाला पूर्ण माहीत होतं, पण घाईच्या वेळी तोही अर्ध्यावर यायचा.

शेवटचा उपाय त्याच्या स्वतःच्या डोक्यातून निघाला होता. टाकीत पेट्रोल जेमतेमच ठेवायचं. चोराने नेलीच, तर त्याला फार लांब जाता येऊ नये.

"आपल्याला तरी कुठे जाता येतंय," बायको म्हणाली. पण ती हे पातेल्याकडे बघून म्हणाली, त्यामुळे त्याला ऐकलं नाही असं दाखवता आलं.

आणि मग ताईच्या ऑपरेशनची तारीख आली.

ताई म्हणजे तपासनिसाची थोरली बहीण. एकतीस वर्षं मुख्याध्यापिका होती. तिच्या शाळेत घंटा वाजायच्या आधीच शांतता व्हायची. तीन वर्षांपासून तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि तीन वर्षं ती ऑपरेशन टाळत होती. आधी म्हणाली, थंडी फार आहे. मग म्हणाली, ऊन फार आहे. मग म्हणाली, डॉक्टर फार लहान आहे, त्याला अजून मिशीसुद्धा नाही. दरम्यान तिने दोनदा चहात मीठ घातलं होतं आणि एकदा कोट अडकवायच्या खुंटाळ्याला बराच वेळ रागावली होती. शेवटी बायकोनेच तिला कसंबसं तयार केलं. सकाळी अकराची वेळ मिळाली. बारा वाजता डॉक्टर दीड महिन्याच्या रजेवर निघणार होते. आज हुकलं तर दीड महिन्याने ताईला पुन्हा कोण तयार करणार, हा प्रश्नच होता.

सव्वादहाला तिघं गाडीत बसली. ताई मागे, बायको पुढे. तपासनिसाने दांडा काढला, एक बटण दाबलं, दुसरं आठवलं, दाबलं, आणि इंजिन सुरू केलं.

"झालं का?" ताईने मागून विचारलं. "मला वाटलं, पोचलो."

गाडी सुरू झाल्याबरोबर बायकोने नियमाप्रमाणे किल्ली पिशवीत घातली. पिशवी तशी ऐसपैस होती. एक महत्त्वाची वस्तू जिथे राहते तिथे दुसरीही राहावी, म्हणून तिने आपला मोबाईलही त्यातच ठेवला, पिशवीचं तोंड नीट बंद केलं आणि ती पर्समध्ये टाकली.

वाटेत औषधांचं दुकान लागलं. ऑपरेशनच्या आधी घालायचे थेंब घ्यायचे राहिले होते. रस्त्याला गाडी लावायला बोटभर जागा नव्हती.

"तू उतर," तपासनीस म्हणाला. "मी एक चक्कर मारून येतो. दोन मिनिटांत."

बायको उतरली. तिच्याबरोबर पर्स उतरली, पर्समध्ये ताईच्या तपासण्यांचे कागद होते आणि पिशवी होती. दार लागलं. गाडीने तीन वेळा 'टिंग' केलं आणि समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'किल्ली गाडीत नाही.'

तपासनिसाने ते दोनदा वाचलं. गाडी चालत होती, चालत राहणारही होती. पण एकदा बंद केली, की किल्ली मिळेपर्यंत सुरू होणार नव्हती. हे त्याला पुस्तिकेच्या कितव्या पानावर आहे तेही माहीत होतं.

"काय वाजतंय?" ताईने विचारलं.

"काही नाही. गाडी बोलते आहे."

"काय म्हणते?"

"काळजी करू नका म्हणते."

हरकत नव्हती, एक चक्कर मारली की बायको दारात उभी असणारच होती. पण दुसऱ्या वळणावर रस्ता खणलेला होता, आणि तिसऱ्यावर हवालदाराने सगळी वाहनं हात करून भलत्याच रस्त्याला लावली. त्या रस्त्यावरून मागे वळायची सोय नव्हती. तपासनिसाने बायकोला फोन लावला. 'आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे,' असं एका बाईने शांतपणे सांगितलं. त्याने पाच वेळा लावला. त्या बाईने पाचही वेळा तेवढ्याच शांतपणे सांगितलं. पाचव्या वेळी त्याला जाळीची पिशवी आठवली. कुठलाही संदेश बाहेर जात नाही आणि आतही येत नाही, असं तिच्या पाकिटावर छापलेलं होतं. छापलेलं खरं निघालं होतं.

"हा पुतळा कुणाचा रे?" ताई म्हणाली.

"तो पुतळा नाही, ताई. हवालदार आहे."

"मग सारखा तसाच का उभा आहे?"

भलता रस्ता निघाला तो थेट डोळ्यांच्या दवाखान्यासमोर. अकराला दहा मिनिटं कमी होती. बायको वाट बघून रिक्षाने इथेच आली असेल, असं समजून तपासनिसाने गाडी दवाखान्याच्या पोर्चमध्ये घेतली. बायको नव्हती. दारावरचा रखवालदार मात्र होता.

"इंजिन बंद करा, साहेब. आत पेशंट आहेत, धूर जातो."

"बंद नाही करता येणार."

"का?"

"बंद केली तर सुरू होणार नाही."

"मग ढकलू की. चार माणसं आहेत आतमध्ये."

"ढकलताही येणार नाही. किल्ली नसली की चाकं अडकतात."

रखवालदाराने पोर्चकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि या दोन्हींचं कायमचं लग्न लागल्याचं चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं असावं. तो घाईने म्हणाला, "मग बंद करू नका. पण इथून घेऊन जा. नाही तर असं करा, आजींना आत सोडून या. मी बसतो गाडीत. मला येते चालवायला."

तपासनिसाने त्याच्याकडे पाहिलं. माणूस सज्जन दिसत होता. पण बावीस वर्षांत त्याने ज्या ज्या चोराचा फोटो पाहिला होता तो सज्जनच दिसत होता. गाडी चालू, किल्ली नाही आणि आत अनोळखी माणूस. असल्या दाव्यावर आपण स्वतः काय शेरा मारला असता हे त्याला तोंडपाठ होतं. शिवाय कागद बायकोकडे, थेंब बायकोकडे, आणि एकट्या ताईला आत पाठवलं तर ती दुसऱ्या दाराने बाहेर येईल, याची खात्री होती.

"मी हिला घेऊन येतो," तो म्हणाला.

"कुणाला?"

"बायकोला."

"पेशंट कोण आहे, साहेब?"

पण गाडी निघालेली होती. मागच्या सीटवर ताईचा चेहरा हळूहळू उजळत होता. "राहू दे रे, धाकल्या," ती मायेने म्हणाली. "एवढी धावपळ करू नकोस. दीड महिन्याने बघू. तोवर त्या डॉक्टरला मिशीही येईल."

अकरा वाजून दहा मिनिटांनी तो औषधांच्या दुकानासमोर पोचला. बायको नव्हती. त्याने काच खाली करून दुकानदाराला तिच्याबद्दल विचारलं.

"त्या होय?" दुकानदार म्हणाला. "अर्धा तास इथे उभ्या होत्या. आत्ताच रिक्षा करून गेल्या. गाडी चालवणाऱ्याला फोन करू नये, दवाखान्यातच जाते म्हणाल्या. फारच शांत आहेत हो. वाट बघता बघता माझ्या बाटल्यांचं एक फडताळ लावून दिलं त्यांनी."

तपासनिसाने डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. भोंगा वाजला. तेवढ्यात पडद्यावर 'किल्ली गाडीत नाही'च्या खाली दुसरं वाक्य उमटलं. पेट्रोल संपत आलं होतं. लाल दिवा लुकलुकत होता, आणि या टाकीत जेमतेमच पेट्रोल ठेवायचं हे कुणी ठरवलं होतं, हे विचारायला बायको शेजारी नव्हती, एवढाच काय तो दिलासा.

पेट्रोल पंप दोनशे पावलांवर होता. तो रांगेत शिरला. त्याचा नंबर आला तेव्हा मागे सहा गाड्या उभ्या होत्या. पंपावरचा माणूस मध्यम वयाचा, भरघोस मिशांचा. निळा गणवेश, निळी टोपी, हातात रबरी मोजे.

"इंजिन बंद करा."

"नाही करता येत," तपासनीस म्हणाला. "बंद केली तर सुरू होणार नाही."

"चालू गाडीत मी पेट्रोल टाकत नाही. सगळे जाऊ वर."

"आणि पेट्रोल नाही टाकलं तर ती बंद पडेल."

"मग तर बरंच. बंद पडली की टाकतो."

"पण मग ती सुरू होणार नाही."

"पेट्रोल टाकल्यावरही?"

"हो."

मिशीवाल्याने जरा विचार केला. "मग तुम्हाला पेट्रोल हवंय कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. मागून भोंगे वाजू लागले. हा वाद आणखी किती वेळ चालला असता कुणास ठाऊक, पण तो गाडीनेच मिटवला. तिने एक आचका दिला, दुसरा दिला आणि ती गप्प झाली. पडदा काळा झाला. पंपाच्या अगदी तोंडाशी, रांगेच्या बरोबर पुढे, गाडी दगडासारखी बसली.

"झाली बंद," मिशीवाला समाधानाने म्हणाला आणि नळी घेऊन पुढे आला.

तपासनीस खाली उतरला. आता काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. किल्ली नाही म्हणून गाडी सुरू होत नव्हती, आणि किल्ली नाही म्हणून तिला कुलूपही लागत नव्हतं. ताईच्या बाजूची काच अर्धी उघडी होती, ती वर जात नव्हती. दार नुसतं ओढलं की उघडणारी, नवीकोरी गाडी. ती अशी सोडून जाणं म्हणजे चोराच्या हातात फुलं देऊन त्याला आत बसवण्यासारखं होतं. घड्याळात अकरा वीस झाले होते. गाडीजवळ थांबलं तर ऑपरेशन गेलं, ऑपरेशनला गेलं तर गाडी गेली. तो पुढच्या चाकापाशी उभा राहून आधी इकडे बघे, मग तिकडे बघे.

तेवढ्यात त्याला ताईचा आवाज ऐकू आला. हळू आवाज होता. ताईला हळू बोलता येतं हे त्याला चोपन्नाव्या वर्षी प्रथमच कळलं.

ताईने अर्ध्या काचेतून हात बाहेर काढून मिशीवाल्याची बाही धरली होती. तिला निळे कपडे दिसत होते, निळी टोपी दिसत होती, हातमोजे दिसत होते, आणि नाकात काहीतरी उग्र, औषधी वास जात होता.

"डॉक्टर," ती म्हणत होती, "माझा भाऊ पलीकडे आहे तोवर विचारून घेते. मला फार भीती वाटते हो. तीन वर्षं थंडी आणि ऊन सांगत बसले, पण खरं म्हणजे मला भीती वाटते. दुखणार नाही ना?"

मिशीवाल्याने ताईकडे पाहिलं. हातातल्या नळीकडे पाहिलं. मग गाडीच्या पलीकडे उभ्या असलेल्या तपासनिसाकडे पाहिलं. त्याने नळी पाठीमागे धरली.

"छे हो आजी," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. कळणारसुद्धा नाही."

"तुम्ही नेहमी करता?"

"दिवसाला दोनशे."

"दोनशे," ताई म्हणाली आणि तिने बाही सोडली. "बरं झालं, तुम्हाला मिशी आहे."

तपासनिसाने पुढे काही विचार केला नाही. त्याने मागचं दार उघडलं, ताईला हात धरून उतरवलं, रस्त्यावर जाऊन एका रिक्षासमोर आडवा उभा राहिला आणि तिला आत बसवलं. मागे सहा गाड्यांचे भोंगे कोकलत होते. "अहो साहेब, गाडी?" मिशीवाला ओरडला. तपासनिसाने मागे वळून पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर पाय मागे आले असते, हे त्याला पक्कं माहीत होतं.

दवाखान्याच्या पायरीवर बायको उभी होती. एका हातात थेंबांची बाटली, दुसऱ्या हातात कागद, तारखेप्रमाणे लावलेले. तिने डॉक्टरांना सांगून ताईच्या जागी दुसऱ्या पेशंटला पुढे घातलं होतं आणि ताईची वेळ पावणेबाराची करून घेतली होती. नवऱ्याकडे बघून तिने एकच विचारलं, "गाडी कुठाय?"

"पंपावर."

"कुलूप?"

"नाही."

"काचा?"

"उघड्या."

 बायकोने पर्स उघडली, पिशवी उघडली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "जा तुम्ही. मी आहे इथे."

"ताई बाहेर आल्यावर जाईन," तो म्हणाला आणि बाकावर बसला. किल्ली मुठीत घट्ट धरून तो पाऊण तास बसला होता. त्या पाऊण तासात त्याने मनातल्या मनात गाडी एकूण अकरा पद्धतींनी चोरीला जाऊ दिली.

ताई बाहेर आली ती एका डोळ्यावर पट्टी आणि चेहऱ्यावर बक्षीस समारंभाला असायचा तो भाव घेऊन. "काही दुखलं नाही," तिने जाहीर केलं. "अगदी त्यांनी सांगितलं तसं. पण तो बाहेर भेटला तो मिशीवाला डॉक्टर आत कुठे दिसला नाही रे. मला त्याचे आभार मानायचे होते."

"त्यांना दोनशे असतात, ताई," तपासनीस म्हणाला.

बायकोने ताईला घरी न्यायला टॅक्सी बोलावली आणि तपासनीस पंपाकडे निघाला. पंपावर त्याची गाडी नव्हती.

त्याला वाटलं होतं, आपण कोसळू. तसं झालं नाही. बावीस वर्षांची सवय कामी आली. त्याने खिशातून वही काढली आणि मिशीवाल्यासमोर उभा राहिला.

"गाडी शेवटची कुणी पाहिली?"

"मीच. क्रेनवाला घेऊन गेला. रांग पार चौकापर्यंत गेली होती, मग मॅनेजरने त्याला फोन केला." मिशीवाल्याने नळी जागेवर ठेवली. "आजींचं कसं झालं?"

"चांगलं झालं. तुमची आठवण काढली." तपासनीस लिहिता लिहिता थांबला. "पण नेली कशी? किल्ली माझ्याकडे आहे. चाकं अडकलेली होती."

"ते त्यालाच विचारा."

रस्त्यात अडलेल्या गाड्या जिथे आणून ठेवतात ते आवार पंपापासून जवळच होतं. गाडी तिथे होती, सावलीत, जशीच्या तशी. पिवळा दांडा मागच्या सीटखाली पडलेला होता, त्यालाही कुणी हात लावला नव्हता. शेजारी क्रेनवाला उलट्या बादलीवर बसून चहा पीत होता. जाडजूड, निवांत माणूस.

"ही आपली का?" त्याने विचारलं.

"माझी. मी विमा कंपनीत तपासनीस आहे. मला जरा कामापुरतं सांगा. ही इथपर्यंत आणली कशी?"

"चाकांखाली छोट्या ट्रॉल्या सरकवल्या. गाडी उचलली. आणली."

"किल्लीशिवाय?"

"किल्ली कशाला हवी?"

"किती वेळ लागला?"

"एरवी दोन मिनिटं लागतात. हिला साडेतीन लागली."

तपासनिसाची मान जराशी ताठ झाली. दीड मिनिट का होईना, पण आपल्या बंदोबस्ताने झुंज दिली होती. वही सरसावून त्याने विचारलं, "का बरं? कशामुळे अडलं?"

"दार उघडं होतं," क्रेनवाला म्हणाला. "ते नीट लागेना. लावत बसलो."

तपासनिसाने ते लिहून घेतलं नाही. तो म्हणाला, "गाडी हलली की वाजणारा भोंगा आहे तिला. मी वेगळा बसवून घेतलाय."

"तो फार छान आहे," क्रेनवाला मनापासून म्हणाला. "वाजला ना. वाटभर वाजत होता. लोक बाजूला होऊन रस्ता देत होते. एका बाईंनी तर मधे उभं राहून बाकीच्यांना थांबवलं माझ्यासाठी."

"कुणी विचारलं नाही, गाडी कुणाची, कुठे नेताय?"

"भररस्त्यात एवढा आवाज करत कुणी चोरी करतं का, साहेब?" क्रेनवाल्याने चहाचा घोट घेतला. "गाडी न्यायला किल्ली लागत नाही. किल्ली फक्त मालकाला लागते."

तपासनिसाने वही मिटली. आवाराच्या रजिस्टरमध्ये सही केली, गाडीत बसला, किल्ली शेजारच्या सीटवर ठेवली. एक बटण दाबलं. दुसरं बटण आठवायला थोडा वेळ लागला, तोपर्यंत क्रेनवाला चहा पीत त्याच्याकडे कौतुकाने बघत होता. दुसरंही दाबलं. मग इंजिनचं बटण दाबलं. पडद्यावर किल्लीबद्दल एक अक्षरही आलं नाही. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. त्याने काट्याकडे पाहिलं. टाकीत थेंबभरही पेट्रोल नव्हतं. मिशीवाल्याच्या नळीतून ते बाहेर यायच्या आत तो ताईला घेऊन निघाला होता.

तो खाली उतरला आणि क्रेनवाल्याला म्हणाला, "पंपापर्यंत पोचवा."  क्रेनवाल्याने कप बादलीवर पालथा घातला, ट्रॉल्या ओढत आणल्या आणि चाकांखाली सरकवायला सुरुवात केली. भोंगा वाजू लागला. आवाराच्या दाराशी उभी असलेली माणसं आपण होऊन बाजूला झाली.

तपासनिसाने घड्याळ लावून पाहिलं. या वेळी दार नीट लावलेलं होतं, त्यामुळे एक मिनिट चाळीस सेकंदच लागले.